खो मिळेपर्यंत

"पाय," अण्णा म्हणाले.

मी डावा पाय पुढे केला. आईच्या जुन्या लुगड्याचा हिरवा काठ अण्णांनी माझ्या घोट्याभोवती गुंडाळला, दुसरं टोक टेबलाच्या पायाला बांधलं आणि गाठीत बोट घालून बघितलं, फार आवळलं तर गेलं नाही ना. रोज बघायचे. बांधणारा माणूस इतका जपून बांधायला लागला की त्याच्यावर रागवायचीही पंचाईत होते.

"गणितं झाली की हाक मार. मग सोडतो."

"झालीत गणितं."

"रीत लिहिलीस?"

मी वहीवर हात ठेवला.

"मग झाली नाहीत," असं म्हणून अण्णा वळले आणि खोलीत येरझारा घालायला लागले.

सगळी भानगड त्या एका शब्दाची होती. आमच्या दातार सरांनी महिन्याभरापूर्वी अण्णांना शाळेच्या व्हरांड्यात गाठलं. अण्णा पोस्टमन, शाळेचं टपाल द्यायला आले होते. खाकी कपडे, खांद्याला पिशवी. सर म्हणाले, "तुमची मंदा हुशार आहे हो, पण तिला रीत नाही." सरांना म्हणायचं होतं गणिताबद्दल. मी फळ्यावरचं गणित बघायची आणि उत्तर लिहायची. मधल्या पायऱ्या मला दिसायच्याच नाहीत. जिन्यावरून उडी मारून खाली आलेल्याला पायऱ्या किती होत्या ते कसं सांगता येणार? उत्तर बरोबर, रीत शून्य, म्हणून गुण शून्य. पण आमच्या घरात रीत म्हणजे गणित नव्हतं. रीत म्हणजे वळण. पोरीला रीत नाही, म्हणजे आईबापांनी तिला काही शिकवलं नाही. अण्णा तोंड पाडून घरी आले, आईला सांगितलं, आईने डोळ्यांना पदर लावला आणि दुसऱ्या दिवसापासून माझा पाय टेबलाला बांधला गेला.

आता आईबापांचं अगदीच चुकत होतं असं नाही. नाव मंदा आणि पायाला भिंगरी. कोथिंबीर आणायला पाठवलं तर मी गाढवाच्या शिंगरामागे फिरून कोथिंबिरीशिवाय परत यायची. दूध उतू जाताना त्याच्या समोर उभी असायची आणि फेसाच्या बुडबुड्यांकडे बघत असायची. वर्गात बाकावर बसले की खाली कुणीतरी निखारे ठेवलेत असं वाटायचं. "वेंधळी", "धांदरट", "उपद्व्यापी" ही माझी शाळेतली नावं. शिक्षक बदलले तरी एक वाक्य मात्र बदलत नसे. हुशार आहे, पण. त्या 'पण'च्या पुढे काय येणार हे मला तोंडपाठ होतं.

एकाच ठिकाणी मला कुणी तसं म्हणत नव्हतं, ते म्हणजे खो-खोचं मैदान. तिथे सगळ्याच पळायच्या. तिथे मी आठवीत असताना नववी-दहावीच्या मुलींच्या संघात होते आणि घरातल्या घरात हरवल्यासारखी वाटणारी मी तिथे मला सापडायची.

पण तिथेही एक मेख होती. खो-खोत पळण्याइतकंच बसावं लागतं. आठ जणी मधल्या पट्टीवर उकिडव्या बसतात, एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे. नववी मुलगी पळणाऱ्या गड्यांचा पाठलाग करते. तिला बाजू बदलायची असली की ती बसलेल्या एखादीच्या पाठीला हात लावून "खो" म्हणते आणि मगच ती बसलेली उठते. आधी उठली तर फाउल. आमच्या इंदुलकर बाई रोज घोकून घ्यायच्या, "नुसता हात लागला, तो खो नाही. नुसता आवाज आला, तोही खो नाही. हात आणि आवाज एकदम. तोवर पृथ्वी दुभंगली तरी उठायचं नाही."

पृथ्वी दुभंगायची मला काही गरज पडायची नाही. उपांत्य सामन्यात मी दोनदा उठले होते.

म्हणून त्या संध्याकाळी, मी टेबलाला बांधलेली असताना, इंदुलकर बाई आमच्या दारात आल्या. उंच, काटक, गळ्यात शिट्टी. मी पटकन पाय टेबलाखाली ओढला. त्यांना काठ दिसला की नाही, कळलं नाही.

"उद्या साताऱ्याला अंतिम सामना आहे," बाई म्हणाल्या. "मंदाला पाठवाल ना?"

"बाई, बसा," आई म्हणाली. "पोहे टाकते."

"नको. त्यांचं उत्तर मिळालं की निघते."

अण्णा खिडकीपाशी गेले, परत आले. "दातार मास्तर म्हणतात, मैदान बंद करा, अभ्यासाला बसवा. हिला रीत नाही."

"आणि तुम्ही काय म्हणता?"

अण्णांनी डोक्यावरची टोपी काढली, परत घातली. "मी बघायला येतो उद्या. तुमच्या खेळात खो मिळेपर्यंत बसायचं असतं ना? एवढं जमलं तिला, तर खेळू दे. पण एकदा जरी उगाच उठली, तर परवापासून मैदान बंद. मग तुम्ही पुन्हा यायचं नाही."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. "काय गं? जमेल?"

"हो," मी म्हणाले. टेबलाखाली पाय हलतच होता आणि त्याबरोबर टेबलावरची दौतही.

बाई गेल्यावर आई पुटपुटली, "स्वतः मात्र पोस्टात बाबूची खुर्ची मिळत होती ती नाकारली, उन्हातान्हात सायकल मारत फिरतात. आणि पोरीला म्हणे बस." अण्णांनी उभ्याउभ्याच भाकरी खाल्ली. ते जेवायचेही तसेच.

सामना दुपारी होता. समोर फलटणचा संघ. त्यांच्यात पुष्पा वाघमोडे नावाची मुलगी होती, काळीसावळी, बारीक, दोन्ही वेण्या वर बांधलेल्या. तिची कीर्ती अशी की ती मैदानात उतरली की बाकीच्या फलटणकर पाणी प्यायला बसतात. त्यांनी नाणेफेक जिंकली, आधी पाठलाग घेतला. आम्ही बऱ्यापैकी पळलो. मग आमची पाठलागाची पाळी आली.

माझी जागा खांबापासून तिसरी. तोंड कडुनिंबाच्या बाजूला. त्या झाडाखाली लोक जमिनीवर बसले होते आणि त्यांच्यात अण्णा. दोन्ही हात मातीत रोवून मी बसले. मनात एकच, उठायचं नाही, उठायचं नाही.

पुष्पा पहिल्याच तुकडीत आली आणि आमचं हसं झालं. आमची कर्णधार शकू जगदाळे वाऱ्यासारखी पळायची, पण शकूने ज्या बाजूला खो द्यावा त्या बाजूला पुष्पा नसायचीच. आधीच निसटलेली. जणू कुणीतरी तिच्या कानात सांगत होतं. लोक टाळ्या वाजवत होते. शकूच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं.

मी बसून बघत होते. बघण्याशिवाय मला दुसरं काम नव्हतं आणि डोकं तर रिकामं राहत नाही. पुष्पा पाठलाग करणारीकडे बघतच नव्हती. ती बघत होती बसलेल्यांकडे, त्यांच्या टाचांकडे! खो आपल्याला मिळणार असं वाटलं की प्रत्येकीची टाच किंचित वर यायची, बोटं मातीत रुतायची. बाकी वेळ सगळ्या दगडासारख्या. पुष्पाला फक्त हललेला दगड शोधायचा होता.

आणि मग मला दुसरी गोष्ट दिसली. माझ्यासमोरून जाताना मात्र ती दरवेळी दबकत होती, लांबून वळसा घेत होती. कारण मी सारखीच हलत होते. माझी टाच वर, खाली, खांदा इकडे, बोटं मातीत रेघोट्या मारतायत. माझ्यावरून तिला काहीच कळत नव्हतं.

पुष्पा शेवटी बाद झालीच नाही. वेळ संपली. आम्ही खूप मागे पडलो होतो.

मध्यंतरात सगळ्या माना खाली घालून बसल्या. बाई काहीतरी सांगत होत्या, मी मध्येच बोलले. मध्येच बोलणं हाही माझा एक गुण. "बाई, ती टाचा बघते!"

"मंदे, गप की," शकू ओरडली. "आधीच जीव गेलाय."

"अगं खरंच! आपण खो मिळायच्या आधी हलतो, ते बघते ती. मला बघून तिला कळत नाही, कारण मी..." आणि इथे माझी जीभ अडखळली. कारण मी काय? कारण मला नीट बसता येत नाही.

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग मैदानाकडे बघितलं. मग पुन्हा माझ्याकडे. त्यांच्या डोक्यात सगळी पाळी परत खेळली जात होती हे मला दिसत होतं.

"पोरींनो," बाई सावकाश म्हणाल्या, "आता सगळ्यांनी मंदासारखं बसायचं."

कुणीतरी फिस्सकन हसलं.

"हसू नका. मंदा, यांना बसून दाखव."

जन्मात पहिल्यांदा मला कुणी बसून दाखवायला सांगितलं होतं. मी बसले. नेहमीसारखी. आणि मोठ्या मोठ्या नववी-दहावीच्या मुली माझ्याकडे बघून टाचा हलवायला, खांदे उडवायला, बोटं नाचवायला लागल्या. त्यांना ते काही धड जमत नव्हतं. मला फार बरं वाटलं. उगाच का खोटं बोलू, फारच बरं वाटलं.

फलटणची दुसरी पाळी संपली, आमची शेवटची पाठलागाची पाळी सुरू झाली आणि मधली पट्टी जिवंत झाली. आठही जणी वारुळातल्या मुंग्यांसारख्या वळवळत होत्या. लोकांना वाटलं पोरी घाबरल्या. पण फलटणच्या पहिल्या तिघी गोंधळल्या, त्यांनाही पुष्पानेच शिकवलं असणार. एक गेली, दुसरी गेली, तिसरीने खांबापाशी शकूच्या हातात स्वतःला आणून दिलं. आम्ही अंतर कापत चाललो. मला दोनदा खो मिळाला, दोन्ही वेळा मी मिळाल्यावरच उठले, एक गडी बाद केला. दरवेळी परत बसताना मी निंबाखाली बघायची.

अण्णा उभे होते.

"ओ काका, बसा की खाली! मागच्यांना दिसत नाही!" कुणीतरी ओरडलं. अण्णा बसले. शकूने सूर मारला, अण्णा पुन्हा उभे. "पोस्टमन! बसा!" हशा झाला. अण्णा बसले, टोपी काढून हातात फिरवायला लागले, गुडघा हलायला लागला. मी त्या गुडघ्याकडे बघत राहिले आणि क्षणभर खेळ विसरले.

मग पुष्पा आली. या वेळी त्यांनी तिला मागे ठेवलं होतं. आम्ही एका गड्याने मागे, वेळ अगदी थोडी. पुष्पा बाद झाली तर बरोबरी, नाहीतर संपलं. मैदान असं शांत झालं की मला माझ्याच बोटांखाली माती सरकल्याचं ऐकू येत होतं.

पुष्पा पट्टीसमोर थांबली. तिने रांगेवरून नजर फिरवली. सगळ्या टाचा हलत होत्या. पहिल्यांदाच ती चुकल्यासारखी वाटली. पाय अडखळला, आत वळली, नेमकी माझ्या समोर, हाताच्या अंतरावर.

माझ्या मागून शकू येत होती. ती मला दिसत नव्हती, पण तिच्या पावलांवरून मला कळत होतं ती कुठे आहे, किती जोरात आहे, हात कधी पुढे येणार. खो मलाच मिळणार होता. दुसरं काही होऊच शकत नव्हतं. आणि पुष्पा दुसऱ्याच पावलाला डावीकडे निसटणार होती, तेही मला दिसत होतं. गणिताचं उत्तर दिसतं तसं, मधल्या पायऱ्यांशिवाय.

मी उठले.

माझा हात पुष्पाच्या खांद्याला लागला. आणि त्याच्यानंतर, फक्त एका श्वासाने नंतर, माझ्या मागे रिकाम्या हवेत शकूचा आवाज आला, "खो!"

शिट्टी वाजली. पंचांनी हात वर केला. फाउल. गडी बाद नाही. पुष्पा केव्हाच पलीकडे गेली होती आणि लगेच लांब शिट्टी झाली, वेळ संपल्याची.

मी हात पुढे करून तशीच उभी होते. समोर निंबाखाली सगळे बसलेले होते, एकटे अण्णा उभे. त्यांचाही हात पुढे होता. मग त्यांना स्वतःचा हात दिसला आणि त्यांनी तो हळूच खाली घेतला.

शकू माझ्याशी बोलली नाही. मी बाईंकडेही गेले नाही. बाईच अण्णांकडे गेल्या, मी मागे उभी राहिले.

"तुमची अट मला आठवते," बाई म्हणाल्या. "मी पुन्हा तुमच्या घरी येणार नाही. पण एक ऐका. आज आम्ही जवळपास जिंकलो ते तिला बसता येत नाही म्हणून, आणि हरलो तेही त्याच्यामुळेच. मला दोन्हीत फरक करता येत नाहीये. तुम्हाला येत असला तर बघा."

एसटीत आम्हाला जागा मिळाली, तरी अण्णा सगळी वाट दांडा धरून उभे राहिले. मी खिडकीतून बघत रडत होते. मैदान गेलं होतं. उद्यापासून सकाळ, दुपार, संध्याकाळ आणि हिरवा काठ. एवढंच उरलं होतं.

गेल्या वर्षी माझ्या नातवाला घेऊन आम्ही पुण्यातल्या डॉक्टरांकडे गेलो होतो. मुलगा दुसरीत, मनातल्या मनात मोठमोठे गुणाकार करतो आणि रोज एक चप्पल हरवून येतो. डॉक्टरबाई तरुण होत्या, शांतपणे बोलत होत्या. म्हणाल्या, "याला एडीएचडी आहे, म्हणजे लक्षही एका जागी राहत नाही आणि पायही. आणि बुद्धी वयाच्या बरीच पुढे. दोन्ही एकत्र असतं कधी कधी. हुशारीमुळे त्रास झाकला जातो आणि त्रासामुळे हुशारी, त्यामुळे दोन्हीकडून मूलच मार खातं." मग विचारलं, "घरात आणखी कुणाला असं?"

माझी मुलगी म्हणाली, "नाही हो, कुणालाच नाही."

डॉक्टरबाईंची नजर टेबलाखाली गेली. तिथे माझा पाय हलत होता.

"मला," मी म्हणाले. "आणि माझ्या वडिलांना." अण्णांना जाऊन आता बरीच वर्षं झालीत. ते नाव त्यांना कुणी सांगितलं नाही. पण त्यांना ते त्या संध्याकाळीच कळलं होतं, हे मी छातीठोकपणे सांगते.

कारण त्या संध्याकाळी घरी आल्यावर मी हातपाय धुतले, कुणी न सांगता टेबलापाशी जाऊन बसले आणि डावा पाय पुढे केला. अट अट असते. हरलेल्याने रडीचा डाव खेळू नये, हे तरी मैदानाने मला शिकवलं होतं.

अण्णा खुंटीवरून काठ घेऊन आले. माझ्यासमोर जमिनीवर बसले. मी त्यांना असं बसलेलं फारसं बघितलं नव्हतं. त्यांनी काठ माझ्या घोट्याला लावला आणि थांबले. मग स्वतःची विजार थोडी वर केली. त्यांच्या घोट्यावर एक जुना काळपट वळ होता. मला तो लहानपणापासून माहीत होता. मी समजत होते, सायकलच्या साखळीचा असेल.

"तुझे आजोबा सुंभानं बांधायचे," अण्णा म्हणाले. "मी म्हटलं, आपण निदान मऊ काठ घेऊ."

दारात आई तोंडाला पदर लावून उभी होती.

अण्णा उठले. काठ घेऊन माझ्या मागे कुठेतरी गेले. बांधायचं की नाही, ते काहीच बोलले नव्हते. मला वळून बघावंसं वाटत होतं, पण मी वळले नाही. वहीकडे बघत राहिले. त्यांच्या येरझारा मला ऐकू येत होत्या, खिडकीपर्यंत, दारापर्यंत, पुन्हा खिडकीपर्यंत. मग पावलं थांबली. अगदी माझ्या मागे.

पाठीवर हात टेकला.

नुसता हात. मी हलले नाही. आवाज नव्हता. अण्णांच्या हाताला घाम आला होता, तो माझ्या फ्रॉकमधून मला जाणवत होता. मी श्वास धरून बसले. टाच हलली नाही, बोट हललं नाही. इतकी स्थिर मी त्याआधी कधी बसले नव्हते आणि त्यानंतरही नाही.

"खो," अण्णा म्हणाले.

मी उठले आणि मैदानाकडे पळत सुटले.